जिन्याच्या वरच्या टोकाला गेट स्क्रूनेच का बसवायचं?

माझा भाचा दहा महिन्यांचा असताना बहिणीच्या रो-हाऊसमध्ये वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी एक पांढरं लोखंडी गेट बसवलं. भिंतीला भोक पाडायचं नाही, ड्रिलवाल्याला बोलवायचं नाही. दोन्ही बाजूंचे चार आटे फिरवून रबरी चकत्या भिंतींवर आवळल्या की झालं. घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी जिना चढून वर येत होते आणि भाचा गेटच्या पलीकडे गज धरून उभा होता. उभं राहायला नुकतीच शिकलेली मुलं करतात तसं ते गदागदा हलवत होता. डावीकडची खालची चकती भिंतीवरून दोन बोटं सरकलेली मला दिसली. मी त्याला वरूनच उचलून घेतलं आणि एका हाताने गेट ओढून पाहिलं. ते सहज माझ्याबरोबर जिन्याकडे आलं.

इजा काही झाली नाही. पण एक गोष्ट कितीतरी दिवस माझ्या मनातून जाईना. गेट लावण्याआधी घरातलं कुणी ना कुणी जिन्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत असायचं. गेट लागलं आणि ते बघणं थांबलं. म्हणजे चुकीच्या जागी चुकीचं गेट लावून आम्ही तो जिना आधीपेक्षा धोक्याचा करून ठेवला होता. घरात रांगतं मूल आहे त्या प्रत्येकाला हा फरक कळावा, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बाजारात ‘बेबी गेट’ किंवा ‘सेफ्टी गेट’ म्हणून जे मिळतं, त्याच्या मुळात दोनच जाती. पहिली दाबाच्या गेटची. दोन भिंतींच्या किंवा चौकटीच्या मध्ये ते घट्ट आवळून बसवतात. भिंतीला धरून ठेवणारं त्यात काहीच नसतं, असतं ते फक्त घर्षण. चकती भिंतीवर जितकी जोरात दाबलेली, तितकी ती घसरायला अवघड. भिंतीला ऑइल पेंट असेल किंवा चौकट पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटची असेल, तर तेवढ्याच दाबाला पकड कमी मिळते. त्यात रोजच्या उघडझापीने आणि हिसक्यांनी आटे थोडेथोडे सैल होत जातात. आज घट्ट असलेलं गेट महिनाभराने तितकंच घट्ट असेल याची खात्री नसते.

दुसरी जात स्क्रूच्या गेटची. एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला खटका अडकायची पट्टी, आणि दोन्ही भिंतीत पक्क्या. मुलाने मारलेला धक्का इथे स्क्रूवाटे सरळ भिंतीत जातो. आपल्याकडच्या विटांच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून, नीट मापाचा प्लग ठोकून स्क्रू आवळला तर तो हलत नाही. फक्त स्क्रू नुसत्या प्लास्टरमध्ये अडकून राहिला नाही ना, विटेपर्यंत पोचला आहे ना, हे बसवणाऱ्याला विचारून घ्यायचं.

दाबाच्या गेटला आणखी एक खोड आहे, आणि ती दुकानात लक्षात येत नाही. त्याची चौकट खालून जोडलेली असते, त्यामुळे गेट उघडलं तरी तळाशी एक आडवी पट्टी तशीच राहते. बेडरूमच्या दारात तिला पाय अडकला तर माणूस सपाट जमिनीवर पडतो. जिन्याच्या वरच्या टोकाला अडकला तर तो आख्खा जिना खाली जातो. मूल कडेवर घेतलेली आई, धुण्याची बादली घेऊन गच्चीवर निघालेल्या ताई, रात्री पाण्यासाठी उठलेले आजोबा, यांच्यापैकी कुणाचंही लक्ष त्या पट्टीकडे नसतं. स्क्रूचं बहुतेक गेट उघडलं की वाट पूर्ण मोकळी होते.

म्हणून नियम असा: जिन्याच्या वरच्या टोकाला स्क्रूचंच गेट. खालच्या टोकाला आणि खोल्यांच्या दारांत दाबाचं चालतं, कारण तिथे ते निसटलं तरी मूल उभं असतं त्याच पातळीवर पडतं. वरचं गेट उघडलं पाहिजे ते आत, मजल्याच्या बाजूला. जिन्यावर उघडणाऱ्या गेटला मूल लटकलं आणि खटका नीट लागलेला नसला, तर गेट मुलाला घेऊन पायऱ्यांवर झुलतं.

इथे बरेच जण विचारतात, की मुलांना उंची कळत नाही का? कडेला आलं की मूल आपोआप थांबत नाही का? याचं उत्तर फार विलक्षण आहे.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी एक प्रयोग केला होता, 1960 साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी जाड काचेचं एक मोठं टेबल तयार केलं. काचेच्या अर्ध्या भागाला खालून लगेच चौकड्यांचं कापड चिकटवलेलं, उरलेल्या अर्ध्या भागाखाली तेच कापड दूर खाली जमिनीवर. म्हणजे एका बाजूला उथळ, दुसऱ्या बाजूला खोल कडा दिसायचा. काच मात्र दोन्हीकडे होती. 6 ते 14 महिन्यांची 36 मुलं मधल्या फळीवर ठेवली आणि आईने एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने हाक मारली. जागची हलली ती 27 मुलं. ती सगळी उथळ बाजूला कधी ना कधी गेली. खोल बाजूवर गेली फक्त तीन. मूल रांगायला लागेपर्यंत त्याला खोली दिसायला लागलेली असते, हे यातून सिद्ध झालं.

पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि आईबापांच्या दृष्टीने मला ती जास्त मोलाची वाटते. खोल बाजू टाळणारी काही मुलं वळताना मागच्या मागे त्याच काचेवर गेली, काहींनी तोल सावरताना त्याच काचेवर भार टाकला. कडा त्यांना दिसत होता; आपला पाय, आपलं बूड कुठे जातंय ते त्यांना सांभाळता येत नव्हतं. काच नसती तर ती पडलीच असती.

पुढे न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांनी अनेक वर्षं मुलांना उतारांवर आणि कडांवर नेऊन पाहिलं. त्यांना दिसलं, की कित्येक आठवडे रांगलेलं मूल कड्याशी शहाणपणाने थांबतं, पण तेच मूल चालायला लागलं की तो शहाणपणा सोबत येत नाही. नवं चालणारं मूल पुन्हा बिनदिक्कत कडेवरून पुढे जातं. रांगताना शिकलेला तोल रांगण्यापुरता. चालण्याचा तोल त्याला नव्याने शिकावा लागतो. “आमचा बाळ्या जिन्याशी गेला की आपला आपण थांबतो हो,” असं कौतुकाने सांगणाऱ्या आजींना मी म्हणूनच दरवेळी सांगते, की तो उभा राहून चालायला लागेपर्यंतच हे खरं आहे.

शरीराची घडणही मुलाच्या विरुद्ध असते. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसाचं साधारण आठवा भाग. भार असा वरच्या बाजूला असल्यामुळे मूल पडतं ते डोक्यावर, आणि आपल्याकडे पायऱ्या असतात कोट्याच्या, ग्रॅनाइटच्या किंवा नुसत्या सिमेंटच्या.

अमेरिकेत इस्पितळांच्या तातडीच्या विभागांतल्या नोंदी नीट ठेवल्या जातात, म्हणून तिथले आकडे देते. 1999 ते 2008 या दहा वर्षांत जिन्यावरून पडलेली पाच वर्षांखालची 9 लाखांहून जास्त मुलं तिथे उपचारांसाठी आणली गेली. सरासरी दर सहा मिनिटांना एक. वर्षाच्या आतल्या जखमी मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश पडली तेव्हा कुणाच्या तरी कडेवर होती. तळपट्टीची गोष्ट मी एवढी ताणून का सांगितली ते यावरून कळेल.

खुद्द गेटमुळे झालेल्या इजांचाही तिथे अभ्यास झाला आहे. 1990 ते 2010 या काळात सात वर्षांखालच्या 37 हजारांहून अधिक मुलांना अशा इजांसाठी नेण्यात आलं. दोन वर्षांखालच्या मुलांची कथा बहुतेक एकच: गेट निसटलं किंवा उघडं राहिलं आणि मूल जिन्यावरून गेलं. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना गेटवर आपटून किंवा चढताना लागलं होतं. थोडक्यात, लहानांसाठी गेटची पकड महत्त्वाची, आणि मोठं झालेल्या मुलासाठी गेट वेळेवर काढणं.

वेळेवर म्हणजे कधी? यासाठी एक सोपं गणित आहे. गेटची उंची मुलाच्या उंचीच्या किमान तीन चतुर्थांश हवी. त्याहून कमी झाली की मूल त्यावर पोट टेकवून पलीकडे जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे 87 सेंमी आणि मुलीची सुमारे 86 सेंमी. तिचे तीन चतुर्थांश काढा, 65 सेंमीच्या आसपास येतात. युरोपच्या ईएन 1930 या मानकात गेट 24 महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी धरलं आहे आणि त्याची उंची किमान 65 सेंमी मागितली आहे, ती या हिशोबाशी तंतोतंत जुळते. तुमचं मूल उंच असेल किंवा दीड वर्षातच सोफ्यावर चढत असेल, तर दोन वर्षांची वाट बघू नका. एकदा जरी ते गेटवर चढताना दिसलं, तरी ते गेट त्याच्यासाठी शिडी झालं असं समजा.

अमेरिकेत एएसटीएम एफ 1004 हे मानक आहे, आणि जुलै 2021 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या गेट्सना त्यावर आधारलेला नियम सक्तीचा झाला. त्यात गेटला सुमारे 133 न्यूटन, म्हणजे अंदाजे साडेतेरा किलोच्या भाराइतका जोर लावून ते निसटतं का ते बघतात. वर्षाच्या मुलाचं वजन साधारण नऊ-साडेनऊ किलो असतं, हे ध्यानात घेतलं की हा आकडा डोळ्यांसमोर येतो. दाबाच्या अनेक गेट्सबरोबर चार छोट्या वाट्या येतात. त्या भिंतीवर स्क्रूने किंवा चिकटवून बसवायच्या आणि रबरी चकत्या त्यांत रोवायच्या. मग चकती भिंतीवरून घसरू शकत नाही. माझ्या बहिणीच्या गेटच्या खोक्यात त्या वाट्या होत्या. भिंतीचा रंग खराब होईल म्हणून त्या तशाच कपाटात ठेवल्या होत्या. खोक्यावर ईएन 1930 किंवा एएसटीएम एफ 1004 लिहिलं आहे का ते बघा, आणि वाट्या आल्या असतील तर त्या वापराच.

माप घेतानाची एक खास अडचण आपल्या घरांत येते ती स्कर्टिंगची. भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीमुळे खालची रुंदी वरच्यापेक्षा दोन-तीन सेंमी कमी भरते. फक्त वरचं माप घेऊन आणलेलं गेट तिरकं बसतं, खालच्या चकत्या नको तितक्या आवळल्या जातात आणि वरच्या सैल राहतात. खाली, मध्ये आणि वर अशी तीन मापं घ्या. तळाशी राहणारी फट पाच सेंमीहून कमी हवी.

बरीच कुटुंबं गेट विकत न घेता ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून ग्रिलचं दार करून घेतात. हा मार्ग मला चांगला वाटतो, कारण रुंद जिन्याला आणि वेड्यावाकड्या भिंतीला तयार गेट बसतच नाही. पण त्याला नीट सांगावं लागतं. तो सवयीने खिडकीच्या ग्रिलसारखी आडवी नक्षी घालेल. आपल्याला हवेत फक्त उभे गज, म्हणजे पाय ठेवायला जागा मिळणार नाही. दोन गजांमधलं अंतर सहा सेंमीच्या आत हवं. पाळण्याच्या गजांना अमेरिकेत हीच मर्यादा आहे, आणि तिच्यामागचं कारण भयंकर आहे: मुलाचं धड ज्या फटीतून पार जातं पण डोकं जात नाही, त्या फटीत मूल मानेवर लटकतं. जुन्या पद्धतीची, लाकडी पट्ट्यांची, घडी होणारी गेट्स याच कारणाने जीवघेणी ठरली. त्यांच्या वरच्या कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या मोठ्या खाचा असायच्या आणि त्यांत मुलांची मान अडकायची. असं गेट कुणाच्या माळ्यावर पडलेलं असेल तर ते वापरू नका आणि कुणाला देऊही नका. ग्रिलच्या दाराला वर भाल्यासारखी टोकं नकोत, वेल्डिंगच्या गाठी घासून गुळगुळीत हव्यात. आणि रंगाच्या डब्यावर शिसं 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) कमी असल्याचं लिहिलेलं बघा, भारतात घरगुती रंगांसाठी 2017 पासून हीच मर्यादा आहे. दात येणारं मूल सगळ्यात आधी गेटची वरची पट्टी चावतं.

गावाकडे पुष्कळ घरांत गच्चीवर जाणारा सिमेंटचा जिना असतो आणि त्याला बाजूचा कठडाच नसतो. तिथे नुसत्या गेटने भागत नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरून मूल बाजूने पडतं. आधी कठडा, मग गेट. जुन्या वाड्यांतल्या काही अरुंद जिन्यांना वरच्या मजल्यावर आडवी लाकडी झडप असायची. ती चोरांसाठी असली तरी खाली पाडली की मुलाला जिना उरतच नसे. असं घर असेल तर ती झडप दुरुस्त करून घ्या.

जिन्यानंतर गेटची सगळ्यात जास्त गरज स्वयंपाकघराला. आपल्याकडे कुकरची शिटी, फोडणी, उकळता चहा आणि पोळ्यांचा तवा एकाच वेळी चाललेले असतात, आणि रांगतं मूल नेमकं पायांत घोटाळतं. 60 अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाच्या त्वचेलाही काही सेकंदांत खोल भाजतं. मुलाची त्वचा पातळ, तिला त्याहून कमी वेळ पुरतो, आणि नुकता गाळलेला चहा याहून पुष्कळ गरम असतो. स्वयंपाकघराच्या दारात दाबाचं गेट ठीक आहे. मूल पलीकडे बसून आईला बघू शकतं, बोलू शकतं, त्यामुळे बंद दारापेक्षा कमी रडतं. नळाला रोज ठरावीक वेळच पाणी येतं अशा घरांत बाथरूममध्ये बादल्या आणि पिंपं भरलेली असतात. तिथे मात्र गेटवर विसंबू नका, दारालाच मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी लावा. वाकून बघताना डोकं खाली गेलं तर त्या वयाच्या मुलाला स्वतःला वर उचलता येत नाही, आणि वितभर पाणीही जीव घेतं. बाल्कनीच्या दारालाही अशीच उंचावर कडी लावा.

वॉकरबद्दल स्पष्ट सांगते: जिना असलेल्या घरात वॉकर आणू नका. त्यात बसलेलं मूल सेकंदाला मीटरभर अंतर कापू शकतं, आणि त्या वेगाने वॉकर आदळला तर गेटच्या पकडीवर नुसत्या हाताच्या धक्क्यापेक्षा कितीतरी जास्त जोर पडतो. कॅनडाने तर 2004 साली बेबी वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, ही अडचण खरी आहे. अशा वेळी जिन्याच्या तोंडाशी दाबाचं गेट लावून वेळ मारून नेऊ नका. गेट मागे घ्या. मूल ज्या खोलीत खेळतं त्या खोलीच्या दारात ते लावा, म्हणजे जिना आणि मूल यांच्यात पूर्ण पॅसेज राहतो. दाबाचं गेट तिथे आपलं काम चोख करतं.

उरतो प्रश्न माणसांचा. एकत्र कुटुंबात दिवसातून पन्नास वेळा कुणीतरी गेटमधून जातं. एका हाताने उघडणारा आणि सोडलं की आपोआप बंद होणारा खटका असलेलं गेट थोडं महाग पडतं, पण पैसे वाचवायचे असतील तर ते दुसरीकडे वाचवा. घरी कामाला येणाऱ्या ताईंना, शिकवणीच्या सरांना, पाहुण्यांना पहिल्याच दिवशी गेट उघडून-लावून दाखवा. गेट ओलांडून कुणीही जायचं नाही. साडीचा घोळ अडकतो, शिवाय मूल ते बघून शिकतं. आजी-आजोबांना खटका जड जात असेल तर ते गेट तुमच्या घरासाठी नाही, दुसरं बघा. आणि आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, दोन्ही हातांनी गेट जोरात हलवून बघा आणि सैल झालेले आटे आवळा.

गेट आहे त्या काळातच मुलाला जिना शिकवायचा. मूल बरं रांगायला लागलं की शेजारी बसून त्याला पोटावर वळवायचं आणि पाय आधी, मागे सरकत एकेक पायरी उतरवायची. “पाय आधी, पाय आधी” हे माझ्या भाच्याचं पहिल्या काही शब्दांपैकी झालं होतं. रोज दोन-तीन पायऱ्या पुरतात. तो दोन वर्षांचा होण्याआधीच वरून खालपर्यंत असा उतरू लागला, आणि त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही गेट काढलं.

सुरुवातीला आणलेलं ते दाबाचं गेट आता माझ्या चुलत भावाकडे गेलं आहे. आपल्याकडे पाळणा, गेट, झबली अशीच घरोघर फिरतात, आणि फिरता फिरता त्यांचे सुटे भाग हरवतात. म्हणून देताना बहिणीने चारही वाट्या, स्क्रू, आटे आवळायचा पाना आणि सूचनांचा कागद एका पिशवीत घालून ती पिशवी गेटच्या गजालाच बांधून दिली. वर चिठ्ठी लिहिली: हे जिन्याच्या वर लावायचं नाही, स्वयंपाकघराच्या दारात लाव.